‘नॅनो’ औषध म्हणजे नेमकं काय? जिवाणूंनी बनवलेल्या पुडीची गोष्ट



मागच्या महिन्यात विहारातली रविवारची आरोग्य बैठक संपली. सतरंज्या गुंडाळायला घेतल्या, तेवढ्यात एक मावशी पिशवी पोटाशी धरून मागे थांबल्या. सगळ्या बाया गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक चकचकीत डबा काढला.

“सिस्टर, हे जरा बघता का? पोरानं आणलंय. नॅनो आहे म्हणे.”

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॅनो’ लिहिलेलं. खाली दावा, की साखरेचा आजार मुळापासून जाईल. किंमत ३,२०० रुपये. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. विकणाऱ्यानं पोराला सांगितलं होतं, हे सुरू केलं की इन्सुलिनची सुई बंद करायची. मावशींनी अकरा दिवसांपूर्वीच बंद केली होती. मी तिथंच बोटाला टोचून मशीनवर साखर बघितली, तर ४१२. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. आता त्या बऱ्या आहेत, सुई पुन्हा सुरू आहे. पण आणखी चार-पाच दिवस गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

दवाखान्यात बसल्या बसल्या पोरानं मला विचारलं, “ताई, मग नॅनो असं काही नसतंच का? सगळी फसवणूकच?”

प्रश्न चांगला होता. नॅनो नावाचं विज्ञान खरं आहे. त्याचं नाव लावून विकलेला तो डबा खोटा होता. दोन्हींतला फरक आपल्याला कळला, तर आपण फसणार नाही आणि खरं औषध येईल तेव्हा ते आपल्या दवाखान्यात मागायलाही कमी पडणार नाही. म्हणून आजच्या पानावर नॅनो औषधाचा एक खरा प्रकार समजून घेऊ : जिवाणूंनी तयार केलेल्या, शरीरात आपोआप विरणाऱ्या कणांत बांधलेलं औषध.

गोळी गिळल्यावर काय होतं?

आधी साधी गोष्ट. आपण गोळी गिळतो, ती पोटात विरघळते. तिथल्या आम्लात काही औषध नासतं. उरलेलं आतड्यातून यकृतात जातं, तिथं आणखी काही मोडून पडतं. मग राहिलेलं रक्तातून डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे पसरतं. आजार फुप्फुसात असला तरी औषध यकृत, पोट, डोळे, सगळ्यांना भेटून येतं. दुखण्याच्या जागी त्यातला थोडाच भाग पोचतो. काही तासांत तोही लघवीवाटे निघून जातो. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते आणि मळमळ, कावीळ, खाज असे त्रासही होतात.

टीबीचं उदाहरण घ्या. साध्या टीबीला ६ महिने रोज गोळ्या. लघवी नारिंगी होते, तोंडाची चव जाते, पित्त होतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि माणसाला वाटतं झालो बरा.

मी वॉर्डात नोकरीला असताना एक बावीस वर्षांचा मुलगा आला होता, रंगकामाला जाणारा. पहिल्यांदा दोन महिने गोळ्या घेऊन सोडल्या. “सिस्टर, गोळ्या घेतल्या की उलटी होते, मग शिडीवर कसा चढू?” असं तो मला म्हणाला होता. मी त्याला रागावले, पण उलटीवर काय करायचं हे नीट बसवून सांगितलं नाही. पाळीला चाळीस पेशंट होते, हे माझं कारण. वर्षभरानं तो परत आला तेव्हा साध्या गोळ्या जुमानत नव्हत्या. त्या काळात अशा टीबीला महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. टीबी गेला, पण इंजेक्शनांनी त्याचे दोन्ही कान गेले. आता ती इंजेक्शनं मागे पडून गोळ्यांचे नवे उपचार आले आहेत. त्याचे कान मात्र परत आले नाहीत.

औषध चांगलं असूनही ते योग्य जागी पोचत नाही आणि तिथं टिकत नाही, ही अडचण किती महाग पडते ते मी अशी पाहिली. नॅनो कणांचं सगळं संशोधन या एकाच अडचणीसाठी आहे. औषध बहुतेक वेळा जुनंच असतं. नवी असते ती त्याची पुडी.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मिलिमीटरचे दहा लाख सारखे भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८०,००० ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर. टीबीचा जंतू लांबीला २,००० ते ४,००० नॅनोमीटर. आणि औषधाची पुडी बांधायचे कण बहुतेक १०० ते ३०० नॅनोमीटरचे. म्हणजे २०० नॅनोमीटरचे कण एकाशेजारी एक मांडले, तर केसाच्या जाडीवर चारशे बसतील. सर्वांत बारीक रक्तवाहिनीतूनही असा कण न अडकता जातो.

कण इतका लहान असला तरी पोटात काहीतरी बांधून नेऊ शकतो. फक्त पुडी अशा पदार्थाची हवी, की काम झाल्यावर ती अंगात साठून न राहता विरून जाईल. साधं प्लास्टिक इथं चालणार नाही. इथं जिवाणू उपयोगी पडतात.

जिवाणूंची कणगी

आपल्या आज्या सुगीत धान्य कणगीत भरून ठेवायच्या, टंचाईच्या दिवसांसाठी. मातीतले आणि पाण्यातले काही जिवाणू हेच करतात. त्यांना साखर किंवा तेल भरपूर मिळालं, पण वाढायला लागणारं नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडलं, की ते आलेलं अन्न पोटात बारीक गोळ्यांच्या रूपात साठवतात. पुढं उपासमार आली की तीच गोळी मोडून खातात.

फ्रान्समधल्या पाश्चर संस्थेत काम करणारे मॉरिस लेमॉईन यांनी १९२६ साली एका जिवाणूत हा साठा ओळखला. त्या जिवाणूचं नाव बॅसिलस मेगाटेरियम. साठ्याच्या पदार्थाचं नाव लांबलचक आहे, त्याला थोडक्यात पीएचबी म्हणतात. अशा सगळ्या पदार्थांच्या कुटुंबाला पीएचए म्हणतात. आपण पीएचए एवढंच लक्षात ठेवू.

पीएचए हा एक पॉलिमर आहे. पॉलिमर म्हणजे मण्यांची माळ. एकसारखे लहान रेणू एकापुढे एक ओवून झालेला लांब धागा. क्युप्रियाव्हिडस नेकेटर नावाचा जिवाणू तर असा खादाड, की त्याला योग्य तऱ्हेनं वाढवलं तर त्याच्या वाळलेल्या वजनाचा ८० टक्क्यांपर्यंत भाग हा साठाच भरतो. उसाची मळी, साखर, वनस्पती तेल यांवर तो वाढवता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पीएचबीची माळ तुटली की जो मणी सुटतो, तो आपल्या शरीराला परका नाही. आपण उपाशी राहिलो की यकृत चरबी मोडून तोच पदार्थ तयार करतं आणि मेंदू, हृदय तो इंधन म्हणून वापरतात. म्हणजे पुडी विरल्यावर उरलेला कागद शरीर जाळून टाकतं.

पुडी कशी बांधतात?

मोठ्या बंद टाकीत जिवाणू वाढवतात. ते लठ्ठ झाले की त्यांना फोडून आतला पीएचए काढतात आणि धुऊन स्वच्छ करतात. मग तो क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात विरघळवतात आणि त्यातच औषध मिसळतात. हे मिश्रण पाण्यात टाकून जोरात घुसळतात. आमटीत तेल टाकून रवीनं घुसळलं की तेलाचे बारीक थेंब होतात, तसंच इथं होतं, फक्त थेंब कितीतरी बारीक. थेंब पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणासारखं काम करणारा पदार्थ घालतात. शेवटी द्रव उडून जातो आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक घट्ट कण उरतो. औषध त्या कणात कोंडलेलं असतं.

दुसरीही एक पद्धत आहे, आणि ती जास्त मजेशीर आहे. जिवाणूच्या पोटातली गोळी मुळातच २०० ते ५०० नॅनोमीटरची असते, आणि तिच्यावर प्रथिनांचं आवरण असतं. त्या आवरणाच्या प्रथिनाला शास्त्रज्ञांनी जनुकात बदल करून दुसरं एखादं प्रथिन जोडलं, तर गोळी जिवाणूच्या पोटातून तयार होऊनच बाहेर येते. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले बर्न्ड रेम आणि त्यांचे सहकारी यांनी अशा गोळ्यांवर टीबीच्या जंतूची प्रथिनं बसवली. शरीराला जंतूची ओळख करून देणारी लस म्हणून त्यांनी ती उंदरांवर तपासली. २००९ साली ते काम प्रसिद्ध झालं. उंदरांच्या शरीरानं ती ओळख पटवून घेतली. माणसांसाठीची लस मात्र त्यातून अजून आलेली नाही.

अंगात गेल्यावर कण काय करतो?

तीन कामं त्याच्याकडून अपेक्षित आहेत.

पहिलं, औषध सांभाळणं. पोटातलं आम्ल किंवा रक्तातले रस औषधाला लगेच गाठू शकत नाहीत.

दुसरं, औषध हळूहळू सोडणं. कणाची भिंत बाहेरून झिजत जाते, तसं आतलं औषध थोडं थोडं बाहेर येतं. बादली एकदम ओतण्यापेक्षा सलाईनचा थेंब थेंब सोडावा, तसं.

तिसरं, योग्य जागी पोचणं. आपल्या रक्तात आणि फुप्फुसात भक्षक पेशी असतात. बाहेरचं काही दिसलं की त्या गिळतात. त्या नॅनो कणही गिळतात. एरवी ही अडचण. पण टीबीचा जंतू नेमका याच पेशींच्या आत लपून बसतो. म्हणजे पेशीनं कण गिळला, की औषध थेट जंतूच्या घरात. कर्करोगासाठी कणाच्या पृष्ठभागावर कर्करोगाच्या पेशीला ओळखणारा रेणू चिकटवून बघण्याचे प्रयोगही प्रयोगशाळांत झाले आहेत.

हे कुठवर आलं आहे?

इथं मला सरळ बोललं पाहिजे, कारण डबा विकणारे नेमके इथंच खोटं बोलतात.

पीएचए अंगात चालतो, हे माणसांमध्ये दिसलेलं आहे. बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर घालतात ते विरघळणारे टाके तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहेत. अमेरिकेत २००७ साली तिथल्या औषध प्रशासनानं पीएचए कुटुंबातल्या एका पॉलिमरच्या धाग्याला टाक्यांसाठी मंजुरी दिली. तो पॉलिमर जनुकीय बदल केलेल्या ई. कोलाय जिवाणूकडून करून घेतात. पुढं त्याच पॉलिमरची हर्नियाची जाळीही आली.

औषध हळूहळू सोडण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. तुर्कस्तानातल्या शास्त्रज्ञांनी हाडातल्या पूवाच्या आजारासाठी जिवाणूंच्या पॉलिमरच्या बारीक कांड्यांत अँटिबायोटिक भरून त्या सशांच्या हाडात ठेवल्या. महिन्याभरात संसर्ग जवळजवळ आटोक्यात आला. पण या कांड्या होत्या, नॅनो कण नव्हेत.

आपल्या देशातलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत जी. के. खुल्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीची तीन नेहमीची औषधं नॅनो कणांत बांधून उंदरांना तोंडावाटे दिली. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं, की एकदा दिलेलं औषध उंदरांच्या फुप्फुसांत आणि इतर अवयवांत ९ ते ११ दिवस टिकलं. टीबी झालेल्या उंदरांना दर दहाव्या दिवशी एक, अशा ५ मात्रा दिल्यावर त्यांच्या अवयवांत टीबीचे जंतू सापडले नाहीत. रोज गोळी घेण्याऐवजी दहा दिवसांतून एकदा! रंगकामाचा तो मुलगा आठवला की ही ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हे कण पीएचएचे नव्हते, तर त्याच्या चुलत भावंडाचे होते. दह्याला आंबटपणा आणणारं लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकॉलिक आम्ल यांची ती माळ. लॅक्टिक आम्लही कारखान्यात जिवाणूंकडून साखर आंबवूनच घेतात. फरक इतकाच, की तिथं जिवाणू फक्त मणी देतात आणि माळ माणूस ओवतो. पीएचएमध्ये मणीही जिवाणूचा आणि माळही त्यानंच ओवलेली. या चुलत भावंडाची एक मोठी आवृत्ती, नॅनोपेक्षा कितीतरी मोठ्या कणांची, १९८९ पासून अमेरिकेत वापरात आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं इंजेक्शन त्यामुळे रोज न देता महिन्यातून एकदा देता येऊ लागलं.

आणि पीएचएचे नॅनो कण? त्यांवर पेशींमध्ये आणि प्राण्यांवर प्रयोग चालू आहेत. त्यांत बांधलेलं कोणतंही औषध आज मेडिकलमध्ये किंवा सरकारी दवाखान्यात मिळत नाही. कोणी तसं सांगून विकत असेल तर तो खोटं बोलतो.

अडचणी कोणत्या?

एक, स्वच्छता. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या भिंतीत एक विष असतं. ते कणाबरोबर रक्तात गेलं तर थंडी वाजून ताप भरतो, बीपी पडू शकतं. म्हणून पॉलिमर अतिशय काळजीनं धुवावा लागतो. क्लोरोफॉर्मचा अंशही राहून चालत नाही.

दोन, पहिली उसळी. कणाच्या वरवर चिकटलेलं औषध पहिल्या काही तासांत एकदम सुटतं. जोरदार औषध असेल तर ते धोक्याचं.

तीन, भलतीकडे जाणं. भक्षक पेशी यकृतात आणि प्लीहेत सर्वांत जास्त, म्हणून बरेच कण तिथंच अडकतात.

चार, वेग. पीएचबी कडक आणि ठिसूळ असतो, विरायला वेळ घेतो. पुडी औषधाच्या गरजेइतकीच टिकावी म्हणून त्यात दुसरे मणी मिसळून तो मऊ करावा लागतो.

पाच, खर्च. जिवाणू वाढवणं, फोडणं, धुणं हे सगळं महाग. साध्या प्लास्टिकपेक्षा पीएचए कितीतरी पट महाग पडतो, आणि औषधासाठीचा शुद्ध पीएचए त्याहून महाग.

बैठकीत विचारलेल्या शंका

*जिवाणूंनी बनवलेलं म्हणजे आजार नाही का होणार?*
नाही. कणात जिवंत जिवाणू नसतो, त्यानं बनवलेला पदार्थ असतो. दही लावताना जिवाणू काम करतात आणि आपण दही आनंदानं खातो. मावशींची इन्सुलिनची सुई घ्या. १९८२ पासून माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून करून घेतलं जातं. म्हणजे मावशींनी जी सुई बंद केली, तिच्यामागेच जिवाणूंचं खरं विज्ञान होतं.

*अंगात प्लास्टिक साठणार नाही का?*
विरणारा पॉलिमर असेल तर साठत नाही, विरघळणाऱ्या टाक्यांसारखा जातो. पण तो किती दिवसांत जातो आणि जाताना त्रास देतो का, हे प्रत्येक नव्या औषधासाठी माणसांवर रीतसर तपासावंच लागतं. त्याला वर्षं लागतात आणि लागलीच पाहिजेत.

*मग नॅनो औषध आज कुठलंच मिळत नाही?*
मिळतं. २०२१ मध्ये करोनानंतर काळी बुरशी आली, तेव्हा ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक रात्रभर रांगा लावत होते, ते आठवा. त्यातलं लायपोसोमल इंजेक्शन म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत बांधलेलं औषध. साध्या ॲम्फोटेरिसिननं थंडी-ताप येतो आणि किडनीला इजा होते, फुग्यात बांधलेल्यानं ती बरीच कमी होते. पुडी बदलल्यानं काय फरक पडतो, हे आपण तेव्हा पाहिलं. आणि पैसे नसले की ती पुडी कोणाला मिळत नाही, हेही पाहिलं.

औषध आलं, पण आपल्यापर्यंत येईल का?

काळ्या बुरशीच्या वेळी एकेका कुपीला हजारो रुपये पडत होते आणि पेशंटला कित्येक कुप्या लागत. घरातलं डोरलं विकून कुप्या आणलेली घरं आपल्या वस्तीत आहेत. उद्या दहा दिवसांतून एकदा घ्यायचं टीबीचं औषध आलं आणि ते फक्त खासगी दवाखान्यात मिळालं, तर शिडीवर चढणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

इथं कायदा थोडा आपल्या बाजूला आहे, तो माहीत असावा. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३ (डी) आहे. माहीत असलेल्या औषधाला नुसतं नवं रूप दिलं म्हणून नवं पेटंट मिळत नाही. त्याचा गुण खरोखर वाढला, हे दाखवावं लागतं. १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात याच कलमावर नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. त्यामुळे त्या औषधाची भारतीय कंपन्यांची स्वस्त रूपं मिळत राहिली. नॅनो पुडीत बांधलेल्या जुन्या औषधांबाबत पुढं हाच प्रश्न येणार आहे. नवी पुडी खरंच गुणकारी असेल, तर ती सरकारी योजनेत आलीच पाहिजे, ही मागणी आपल्याला करावी लागेल. ती करायला आधी विषय समजायला हवा, म्हणून आजचा हा पाठ.

आज घरी काय करायचं?

१. डब्यावर ‘नॅनो’ दिसलं की पहिल्यांदा मागची बारीक अक्षरं वाचा. औषध असेल तर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख असते. फक्त एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असेल, तर ती वस्तू खाद्यपदार्थ म्हणून नोंदलेली आहे, औषध म्हणून नाही. मावशींच्या डब्यावर तेवढाच नंबर होता.

२. मधुमेह, टीबी, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यानं गुन्हा आहे. डबा, पावती आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. लिहिता येत नसेल तर बैठकीला या, आपण मिळून लिहू.

३. कोणीही सांगितलं तरी इन्सुलिन, बीपीची गोळी, फिटची गोळी, टीबीची गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी दवाखान्यात विचारा.

४. टीबीच्या गोळ्यांनी उलटी होत असेल तर गोळी सोडू नका, आशाताईला किंवा दवाखान्यात लगेच सांगा. वेळ बदलून, सोबत औषध देऊन त्रास कमी करता येतो. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, भूक पार गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुसती नारिंगी लघवी मात्र औषधाच्या रंगानं होते, तिला घाबरू नका.

५. टीबीच्या पेशंटला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० ची १,००० झाली आहे. पैसे खात्यात आले नसतील तर पासबुक घेऊन दवाखान्यात विचारा. तो आपला हक्क आहे.

मावशींचा पोरगा आता बैठकीला येतो. मागच्या रविवारी त्यानं स्वतःच सगळ्यांना तो डबा दाखवला आणि मागचा नंबर वाचून दाखवला. मावशी बाजूला बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तीन हजाराचा डबा गेला, पण शिकलो ना?” मग त्यांनी पिशवीतून इन्सुलिनची कुपी काढून बायकांना दाखवली, “ही बघा, ही जिवाणूंनी केलेली. ही खरी.”

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातलं एक औषध, टॉनिक किंवा पावडर घेऊन यावं. मागचं लेबल आपण मिळून वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवंडांना घेऊन यावं, तीही शिकतील.